घरासाठी नाव घेताय? मग आधी ती काठावर बुडवून पाहा

धरणाच्या पाण्यात लेकराबाळांसह जायचं तर नाव कशी असावी, शीड लावावं की नाही, विकत घेण्याआधी काय तपासावं? वाचा सविस्तर

यवतमाळ : "मामा, आपल्या गावापुढं एवढं मोठं पानी हाये. हवा बी फुकट हाये. शीड लावलं त पेट्रोल कायले पाह्यजे?"

हा प्रश्न माझ्या भाच्याचा. त्यानं मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ पाहिला. त्यात आई, बाप आणि दोन लेकरं छोट्या शिडाच्या नावेत बसून तळ्यात फिरत होती. तेव्हापासून पोरगं मागंच लागलं. त्याचं अगदीच चुकीचं नाही. आमची काही जमीन धरणाच्या फुगवट्याच्या पलीकडं राहिली आहे. पाण्यातून समोर दिसते, पण रस्त्यानं जायचं तर अर्धा दिवस मोडतो. घरची नाव असली तर वावरात जाणं होईल आणि सुट्टीत घरच्यांना फिरवणंही होईल.

आपल्या जिल्ह्यात अशी गावं कमी नाहीत. पुसदकडं पूस आणि इसापूर, दिग्रसला अरुणावती, बाभूळगावला बेंबळा, घाटंजीला वाघाडी. धरणं झाली, पाणी आलं, पण आपण पाण्यातली माणसं नाही. भोई आणि ढीवर समाजाचे लोक सोडले तर बाकीच्यांना नावेतलं काही कळत नाही, आणि त्यात मीही आलो. म्हणून घाई न करता मासेमारी करणाऱ्या भावांना विचारलं, थोडं वाचलं, थोडं गणित केलं. तेच इथं मांडतो आहे.

आधी हे आठवा

१४ सप्टेंबर २०२१ ला आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, वरूड तालुक्यातल्या झुंज इथं वर्धा नदीत नाव उलटली आणि एकमेकांच्या नात्यातली ११ माणसं गेली. २३ जानेवारी २०२४ ला गडचिरोलीत चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत मिरची तोडायला निघालेल्या ६ बाया बुडाल्या. त्याच्या पाचच दिवस आधी, १८ जानेवारीला, बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. तिथं क्षमतेपेक्षा जास्त लेकरं बसवली होती आणि सगळ्यांच्या अंगात जॅकेटही नव्हती. २१ मे २०२४ ला उजनी धरणात कुगाव ते कळाशी जाणारी नाव वादळी वाऱ्यात सापडली, ६ जण गेले.

यातली कुठलीच जागा समुद्र नव्हती. नदी, तलाव, धरण, म्हणजे आपल्यासारखंच पाणी. "तळ्यातच तर जायचं हाये" असं म्हणणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.

माझा स्वतःचाही एक अनुभव आहे. तीन वर्षांआधी एका ओळखीच्या माणसाच्या डोंग्यात आम्ही चौघं पलीकडं चाललो होतो. मधात आमच्या वहिनी पाय अवघडला म्हणून उठून उभ्या राहिल्या. बस, तेवढ्यानं डोंगा असा कलला की एका बाजूनं पाणी आत आलं. नावाडी ओरडला, "वहिनी, खाली बसा!" त्या बसल्या म्हणून वाचलो. जॅकेट एकाच्याही अंगात नव्हतं. घरी आल्यावर आईला सांगायची हिंमत झाली नाही.

नाव का उलटते? कापसाच्या गाडीचं गणित

आपण कास्तकार माणसं, हे आपल्याला चटकन समजतं. कापूस उंच भरलेली गाडी धुऱ्यावरून उतरताना कलते. तोच माल पसरून खाली भरला तर कलत नाही. चाकांमधलं अंतर जास्त असेल तर आणखी पक्की. नावेचंही तसंच आहे. वजन खाली पाहिजे आणि बूड रुंद पाहिजे.

पण पाण्यात रुंदीचा फायदा गाडीपेक्षा कितीतरी जास्त मिळतो. लांबी तीच ठेवून रुंदी दुप्पट केली तर कलण्याविरुद्धचा आकाराचा आधार दुप्पट होत नाही, आठपट होतो. म्हणून दोन फुटी डोंगा आणि चार-पाच फुटी नाव यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरं गणित बुडण्याचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. चार मीटर लांब आणि ६० सेंटीमीटर रुंद डोंगा साधारण १८ किलो वजनाला एक सेंटीमीटर खाली बसतो. दोन मोठी आणि दोन लहान माणसं मिळून २२० किलो धरा. म्हणजे डोंगा बारा सेंटीमीटर, साधारण अर्धी वीत, खाली जातो. त्याच लांबीची पण पाण्याशी सव्वा मीटरवर रुंद असलेली नाव तेवढ्याच वजनाला सहा सेंटीमीटरच बसते. काठ पाण्याच्या वर जितका जास्त, तितकी लाट आत यायची भीती कमी.

यावरून ढोबळ नियम असा : घरच्यांसाठी नाव घ्यायची तर रुंदी लांबीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी नको. बारा फुटी नावेला चार फूट, चौदा फुटीला पावणेपाच फूट. आणि सगळे बसल्यावर काठ पाण्याच्या वर निदान एक फूट राहिला पाहिजे.

एक सावधगिरी सांगतो. सपाट बुडाची नाव काठावर लई पक्की वाटते, डुलत नाही. पण तिची हद्द ओलांडली की ती एकदम पलटते, आधी सांगत नाही. म्हणून सपाट बूड असेल तर बाजू उंच आणि बाहेर पसरलेल्या पाहिजेत.

आपल्याकडं काय काय मिळतं?

डोंगा : मासे धरणाऱ्या माणसाच्या हातात चांगला. तो तळाशी बसतो आणि लहानपणापासून त्याला सवय असते. लेकरं आणि म्हातारी माणसं बसवायला नको.

ट्यूब आणि थर्माकोल : एका माणसाचं जाळं टाकण्याचं साधन. त्यावर कुटुंब नेऊ नका.

पत्र्याची नाव : स्वस्त पडते, गावातला वेल्डर बनवून देतो. पण जोड गळतो, गंज लागतो, आणि पाणी भरलं की लोखंड सरळ तळाला जातं. घ्यायचीच तर पुढं सांगितलेले तरंगते कॅन बसवल्याशिवाय पाण्यात घालू नका.

ड्रमचा तराफा : २०० लिटरचे बंद ड्रम आणि वर फळ्या. उलटायला अवघड, हे खरं. पण वारा आला तर जागचा हलवता येत नाही, वारा नेईल तिकडं जातो. काठाजवळच ठीक.

फायबरची नाव : घरासाठी मला हीच बरी वाटली. हलकी, गंजत नाही, दुरुस्ती होते. पण लोकांचा एक गैरसमज आहे की फायबर बुडत नाही. नुसतं फायबर पाण्यापेक्षा जड असतं, ते बुडतंच. आत फोम किंवा बंद कप्पे असतील तरच ती तरंगते.

जोडनाव आणि उलांडीची होडी : मालवणकडं अरुंद होडीच्या एका बाजूला आडव्या काठ्यांनी एक लाकूड बांधतात. त्याला उलांडी म्हणतात. त्या लाकडामुळं होडी त्या बाजूला दबत नाही आणि दुसरीकडं सहज उचलली जात नाही. दोन नावा समांतर बांधून मध्ये फळ्या टाकल्या तरी तोच फायदा मिळतो. पण बांधकाम कच्चं असेल तर भर पाण्यात जोड सुटतो. जाणकाराकडूनच करून घ्या.

शीड लावायचं असेल तर

आता भाच्याच्या प्रश्नाकडं येऊ. महाराष्ट्रात शिडाच्या छोट्या नावा खडकवासल्याला एनडीएच्या मुलांना शिकवायला वापरतात. आपल्याला जवळ म्हणजे हैदराबाद. पांढरकवड्यावरून जाणारा ४४ नंबरचा हायवे सरळ तिकडं जातो. तिथं हुसेन सागर तलावात लहान लेकरंसुद्धा शीड चालवायला शिकतात.

अशा नावांचेही प्रकार आहेत. 'ऑप्टिमिस्ट' ही २.३ मीटरची, एका लेकराची शिकायची नाव. 'लेझर' चार मीटरच्या वर, एका माणसाची, शर्यतीची. ती पळते भारी, पण उलटते पण तशीच, घरच्यांच्या कामाची नाही. 'वेफेरर' ही इंग्लंडात १९५७ साली काढलेली, ४.८२ मीटर लांब आणि १.८५ मीटर रुंद. ती कुटुंबानं फिरण्यासाठी म्हणूनच प्रसिद्ध झाली. तिची रुंदी लांबीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त आहे, हे लक्षात घ्या. नाव विकणारा काहीही सांगो, आपण टेप काढून मोजायचं.

शिडाची खरी गोम वाऱ्यात आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. पाच चौरस मीटरचं, म्हणजे साधारण ५४ चौरस फुटांचं शीड धरा. तासाला १८ किलोमीटरचा वारा असेल तर ते अंदाजे ९ किलोच्या जोरानं ढकललं जातं. वारा ३६ चा झाला की तोच जोर ३६ किलो. आणि हा जोर पाण्यापासून दोन मीटर उंचीवर लागतो, म्हणजे लांब पहारीनं दगड उचलावा तसा. साध्या वाऱ्यात एक मोठा माणूस वाऱ्याच्या बाजूला सरकून बसला तरी नाव सरळ राहते. वादळी वाऱ्यात दोघं बसले तरी पुरत नाही. म्हणून घरच्यांसाठी शीड लहान आणि बुटकं पाहिजे. पळण्याची हौस इथं नको.

शिडाच्या नावेत चार गोष्टी पाहिजेतच :

१. मधली उभी फळी. ही तळातून पाण्यात जाते. नांगराचा फाळ रुतला की नांगर इकडंतिकडं सरकत नाही, तशी ही फळी नाव आडवी वाहू देत नाही. आपल्या धरणांत बुडालेल्या झाडांची खुंटं आणि मासेमारीची जाळी असतात. म्हणून फळी वर उचलता येणारी पाहिजे, पक्की जडवलेली नको.

२. शिडाची दोरी हातात. ही दोरी कधीही बांधून ठेवू नका. झोत आला की हात सोडायचा. शीड फडफडतं, जोर जातो, नाव सरळ होते. दोरी बांधलेली असेल तर नाव गेली म्हणून समजा.

३. एका ओढीत खाली येणारं शीड. आभाळ भरलं की गाठी सोडत बसायला वेळ नसतो.

४. डोलकाठीच्या टोकाला फोम किंवा बंद बाटली. नाव आडवी पडली तरी पूर्ण उलटी होत नाही, सरळ करायला सोपी जाते.

आणि वल्हे दोन तरी सोबत असलेच पाहिजेत. वारा पडला की शीड म्हणजे नुसता कपडा. वाऱ्याच्या तोंडावर शिडानं सरळ जाताही येत नाही, तिरपं तिरपं, नागमोडी जावं लागतं. म्हणून नवशिक्यानं निघताना आधी वाऱ्याविरुद्ध जावं. म्हणजे थकल्यावर वाराच घरी आणतो. उलटं केलं तर पलीकडंच मुक्काम.

बुडाली तरी तरंगली पाहिजे

ही सगळ्यात मोठी गोष्ट. कुठलीही नाव कधी ना कधी पाण्यानं भरू शकते. प्रश्न एवढाच की त्यानंतर ती तुम्हाला धरून राहायला पाण्यावर असेल की नाही.

साधा उपाय : २० लिटरचे बंद बुचाचे रिकामे कॅन. एक कॅन साधारण १९ किलो उचलून धरतो. चौदा फुटी फायबरच्या नावेत आठ ते दहा कॅन बसवा. ते तळाला नको, दोन्ही बाजूंना, बसायच्या फळीखाली, काठाजवळ बसवा. म्हणजे पाणी भरलेली नावही सरळ राहते. पट्ट्यानं घट्ट बांधा, नाही तर कॅन सुटून एकटेच तरंगतील. उन्हानं प्लास्टिक कडक होऊन तडकतं, म्हणून दरसाल तपासा.

पैसे देण्याआधी काठावरची परीक्षा

कमरेएवढ्या पाण्यात, पोहणारी चार माणसं सोबत घेऊन, लेकरं काठावर ठेवून हे करा. विकणारा नाही म्हणाला तर नाव तिथंच सोडून घरी या.

१. सगळ्यांच्या वजनाएवढी माणसं किंवा वाळूची पोती बसवा. काठ पाण्याच्या किती वर आहे ते मोजा. एक फुटाच्या आत असेल तर माणसं कमी करा.

२. दोन मोठी माणसं एकाच बाजूला सरकून बसवा. काठ पाण्याच्या वर निदान वीतभर राहिला पाहिजे.

३. एकाला मधात उभं राहायला सांगा. नाव किती डगमगते ते घरच्यांना दाखवा. पुढं कुणी उगाच उभं राहणार नाही.

४. आता बादलीनं नाव काठोकाठ पाण्यानं भरा. ती तरंगते का? सरळ राहते का? चौघं काठ धरून लोंबकळले तरी वर राहते का? नसेल तर अजून कॅन लागतील.

५. ती उलटी करा आणि परत सरळ करून पाहा. किती माणसं लागतात, पाणी उपसायला किती वेळ लागतो, हे माहीत पाहिजे.

आणि घरात सगळ्यांना एक वाक्य पाठ करून द्या : नाव उलटली तर नाव सोडायची नाही. काठ जवळ दिसतो, पण पाण्यातलं अंतर फसवतं. नावेला धरून राहणारा दुरूनही दिसतो, एकटं डोकं दिसत नाही.

जॅकेट अंगात, नावेत नाही

जॅकेट नावेत ठेवून चालत नाही. उलटल्यावर ते घालता येत नाही. जॅकेटवर न्यूटनचा आकडा असतो. ५० न्यूटन म्हणजे साधारण पाच किलोचा आधार, तो चांगल्या पोहणाऱ्यासाठी. न पोहणाऱ्याला १०० किंवा त्यावर घ्या. लेकरांचं जॅकेट वेगळं, वजनाप्रमाणं मिळतं. मोठ्यांचं घातलं तर लेकरू खालून निसटतं. पायांमधून जाणारा पट्टा असलेलं पाहा. नुसता थर्माकोल भरलेलं रंगीत कापड घेऊ नका. बायांनी नऊवारी किंवा पदर खोचून, पायात न अडकेल असं नेसावं. म्हातारे म्हणतील, "मले काय होते?" त्यांना आधी घाला.

वेळ आणि वारा

सकाळचं पाणी शांत असतं. दुपारनंतर वारा उठतो आणि उघड्या पाण्यावर तो गावातल्यापेक्षा जास्त लागतो, कारण अडवायला झाड नाही की घर नाही. एप्रिल-मे मध्ये दुपारून अवकाळी येते, तेव्हा कुटुंब घेऊन जाऊच नका. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडतात, तेव्हा सांडव्याकडं आणि भिंतीकडं अजिबात नाही. पाण्यावर दुरून काळसर सुरकुत्या पळत येताना दिसल्या की झोत येतो आहे समजा आणि शीड खाली घ्या. विजेसाठी मोबाईलवर 'दामिनी' ॲप आहे, पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं केलेलं. निघण्याआधी पाहा. मोबाईल प्लास्टिकच्या बंद पिशवीत, गळ्यात.

कागदाचं काम

धरणाचं पाणी जलसंपदा विभागाचं, मासेमारी बहुतेक ठिकाणी सहकारी संस्थेकडं. दोघांना आधी विचारा, विभागाकडून लेखी घ्या. यवतमाळ शहराला पाणी देणाऱ्या निळोणा, चापडोहसारख्या तलावांवर हौस नकोच. अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाची परवानगी लागते. इंजिनाच्या नावेला 'अंतर्देशीय जहाज कायदा २०२१' प्रमाणं नोंदणी आणि तपासणी आहे. बिनइंजिनच्या नावेची नोंद स्थानिक पातळीवर करायची तरतूदही त्याच कायद्यात आहे. ग्रामपंचायतीत विचारून ठेवा. आणि पैसे घेऊन लोकांना फिरवायचं असेल तर ते वेगळंच काम झालं, बिनपरवान्यानं त्यात पडू नका.

मग आमचं काय ठरलं?

मागच्या आठवड्यात भाचा आणि मी एक जुनी चौदा फुटी फायबरची नाव पाहायला गेलो. रंग चकाचक, भावही परवडण्यासारखा. टेप लावला तर रुंदी साडेतीन फूट. मी म्हटलं, काठावर पाणी भरून पाहू. मालक हसला, "नाव का बुडवाले घेता का भाऊ?" मी म्हटलं, "हो दादा, आज बुडाली तर बरी. लेकरं बसल्यावर नको." त्यानं नाही म्हटलं. आम्ही परत आलो.

भाचा गाडीवर मागं बसून गप्प होता. गाव आल्यावर म्हणाला, "मामा, पयले पोहाले शिकू का?"

यंदा आमच्या घरात नाव येणार नाही. उन्हाळ्यात वहिनींसकट सगळे पोहायला शिकणार, जॅकेट घेणार, मग रुंद नाव शोधणार. शीड त्याच्या पुढच्या साली. पाणी कुठं पळून चाललं नाही.